कारणाची ओळ : पर्वरीतल्या एका सोसायटीचं प्रकरण

2023 च्या पावसाळ्यात गोव्यातल्या पर्वरीमधल्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीत एकाच फ्लॅटच्या भाडेकरूंवरून तीनदा मतदान झालं. दोनदा व्हॉट्सअॅपवर, एकदा सभेत चिठ्ठ्यांवर. मत देणारी माणसं बहुतेक तीच होती. निकाल मात्र असे लागले की नुसते आकडे पाहणाऱ्याला या दोन वेगळ्या सोसायट्या वाटाव्यात. मी सोसायटीचा सचिव असल्यामुळे इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि ते समोर ठेवूनच हे लिहितो आहे. सोसायटीचं नाव आणि माणसांची ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे.

आमच्याकडे 42 फ्लॅट आहेत. वस्ती मिश्र आहे. पेडणे, डिचोली, फोंड्याकडून आलेले गोमंतकीय हिंदू, बार्देशातली काही ख्रिस्ती कुटुंबं, कोल्हापूर-बेळगावकडून नोकरीसाठी येऊन इथेच राहिलेले काही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचे मालक मस्कतला असतात. त्यांच्या एजंटाने दोन पदव्युत्तर विद्यार्थी आणले. एक टांझानियाचा, दुसरा नायजेरियाचा. दोघांकडे विद्यार्थी व्हिसा होता, शिक्षणसंस्थेचं पत्र होतं, डिपॉझिट तयार होतं. मालकांनी रिवाजाप्रमाणे सोसायटीकडे ना हरकत दाखला मागितला. एरवी हा दाखला अध्यक्षांच्या सहीने दुसऱ्या दिवशी मिळतो. आधीच्या भाडेकरूंच्या वेळी कुणी साधी चौकशीही केली नव्हती.

या वेळी कमिटीतल्या एका सभासदाने रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पोल टाकला: ‘आफ्रिकन भाडेकरू ठेवायचे का? हो / नको.’

ही सुविधा व्हॉट्सअॅपवर 2022 च्या अखेरीस आली. कोणी कशाला मत दिलं ते त्यात नावानिशी दिसतं, आणि पहिल्या मतापासून दिसतं. अर्ध्या तासात कमिटीतल्या पाच जणांची ‘नको’ खाली नावं आली. दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत तो आकडा वीसच्या वर गेला. रात्री मोजलं तेव्हा ‘नको’ 27, ‘हो’ 4. उरलेल्या 11 फ्लॅटांनी मत दिलंच नाही.

ग्रुपवर दोन-चार मेसेज आले. त्यातल्या एकाने पुढच्या सगळ्या बोलण्याची दिशा ठरवली: ‘2013 विसरलात काय?’

पर्वरीत राहणाऱ्याला 2013 म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी पर्र्याला एका नायजेरियन माणसाचा खून झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या देशबांधवांनी मृतदेह नेणारी गाडी अडवली आणि पर्वरीला राष्ट्रीय महामार्ग रोखून धरला. मारामारी झाली, पन्नासहून अधिक नायजेरियनांना अटक झाली. पर्र्याच्या पंचायतीने नायजेरियनांना घरं भाड्याने देऊ नयेत अशी भूमिका घेतली. ड्रग्जचा आणि एका देशाचा नामोल्लेख एकाच वाक्यात करणारे फलक लागले. राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कॅन्सरची उपमा दिली आणि मग दिलगिरी व्यक्त केली. नायजेरियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याने, आमच्या लोकांना घरांबाहेर काढाल तर नायजेरियातले भारतीयही रस्त्यावर येतील, असा इशारा दिला. ज्यांनी तो दिवस महामार्गावर अडकून काढला त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण आमच्याकडे अर्ज करणारे दोघे 2013 साली आपापल्या देशात शाळेत होते. पोलमध्ये त्यांचा उल्लेखच नव्हता. त्यात फक्त एका खंडाचा उल्लेख होता.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकांनी एक मेसेज टाकला. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीसुद्धा. ‘ज्यांनी नको म्हटलंय त्यांनी कारण लिहावं. आपण नक्की कशाला नको म्हणतो आहोत ते तरी कळू दे. रंगाला म्हणत असू तर तसं लिहा.’

ग्रुप गप्प झाला. मग अध्यक्ष भाऊंचं उत्तर आलं: ‘बाई, विषय नाजूक आहे. ग्रुपवर नको, भेटून बोलू.’ त्याखाली हात जोडल्याच्या खुणा. कुणी लिहिलं, चवथ तोंडावर आली आहे, वातावरण कशाला बिघडवायचं. कुणी लिहिलं, आपल्यात असं काही नाही, बाई उगाच वेगळा अर्थ काढताहेत. आणि मग दुसरा पोल आला: ‘हा विषय ग्रुपवर थांबवावा का?’ ‘हो’ 33, ‘नको’ 3.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो या दुसऱ्या मतदानाने. पहिल्या पोलमध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने मत देणाऱ्या चौघांपैकी दोघांनी इथे विषय थांबवण्याच्या बाजूने मत दिलं. पहिल्या वेळी गप्प राहिलेल्यांपैकीही बरेच या वेळी हजर झाले. नंतर यातल्या काहींशी मी बोललो. प्रत्येकाचं उत्तर जवळजवळ एकच होतं: भांडण नको होतं. कुणालाही आपण त्या दोन मुलांविरुद्ध मत दिलं असं वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी ते फक्त शांततेच्या बाजूने मत होतं. पण विषय थांबला तेव्हा पहिल्या पोलचा निकाल तसाच उभा राहिला. अध्यक्षांनी त्या 27 मतांचा आधार घेऊन दाखला द्यायचं नाकारलं. चर्चा बंद करण्याचं मत तटस्थ राहत नाही. आधी जो कौल पडला असेल त्याच्याच पदरात ते जाऊन पडतं. शिवाय जी माणसं उघडपणे ‘आफ्रिकन नकोत’ असं कधीच म्हणाली नसती, त्यांचं वजनही त्याच पारड्यात पडलं.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. दुसऱ्या पोलनंतर ग्रुपवर नाराजी दिसली ती बाईंविषयी. ज्याने खंडाच्या नावाने पोल टाकला त्याने वातावरण बिघडवलं असं कुणी म्हटलं नाही. ज्यांनी कारण विचारलं त्यांनी बिघडवलं, असं झालं. वंशाचा, रंगाचा, जातीचा प्रश्न निघतो तिथे हे मी वारंवार पाहिलं आहे. भेदभाव होत असतो तोवर सगळं शांत असतं. कुणी त्याला नाव दिलं की अशांतता सुरू झाली असं मानतात. यामुळे विचारणारी माणसं हळूहळू विचारणं सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

तिसरं मतदान झालं ते मस्कतहून आलेल्या पत्रामुळे. मालकांनी साधा प्रश्न विचारला होता: कोणत्या उपविधीनुसार दाखला नाकारला? अध्यक्षांकडे उत्तर नव्हतं. पोल म्हणजे ठराव नव्हे, आणि भाडेकरू कोणत्या देशाचा असावा याबद्दल आमच्या उपविधीत एक अक्षर नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र वरवर वाटतं तितकं स्वच्छ नाही. संविधानाचं कलम 15 वंशावरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ते नागरिकांबद्दल बोलतं. कलम 14 मधली समानता कुठल्याही व्यक्तीला आहे, परदेशी माणसालासुद्धा. मात्र ती मागायची शासनाकडे, शेजाऱ्याकडे नव्हे. उलट 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. आमचा प्रश्न सभासदत्वाचा नव्हता आणि तसा उपविधीही नव्हता, म्हणून तो निकाल आम्हाला थेट लागू पडत नव्हता. पण कायदा येऊन आम्हाला शहाणं करील ही आशाही नव्हती. परदेशी माणसाला घर देणाऱ्यावर कायद्याने जे बंधन तेव्हा होतं ते सरळ होतं: 24 तासांत फॉर्म सी भरून कळवायचं. ते काम मालकाचं. बाकी आमचं आम्हीच ठरवायचं होतं.

सभेच्या तयारीत मी स्वित्झर्लंडमधल्या एमेन या गावाचं प्रकरण वाचलं. ल्यूसर्नजवळच्या या गावात परदेशी रहिवाशांना नागरिकत्व द्यायचं की नाही हे गावकरी गुप्त मतदानाने ठरवत. मतदारांच्या घरी अर्जदारांची माहितीपत्रकं जात. त्यात फोटो, मूळ देश, नोकरी, सगळं असे. मार्च 2000 मधल्या मतदानात 56 जणांचा निर्णय होता. पास झाले 8, आणि ते सगळे इटालियन वंशाचे. नापास झालेल्यांत बहुतेक पूर्वीच्या युगोस्लाव्हियातले. जुलै 2003 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा मतदानाला घटनाबाह्य ठरवलं. मुख्य मुद्दा असा की अर्ज नाकारायचा तर कारण द्यावं लागतं, आणि मतपेटी कारण देऊ शकत नाही. पुढे अनेक गावांत हा निर्णय निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे गेला. त्यांना नकाराचं कारण लिहावं लागे आणि त्याविरुद्ध दाद मागता येई. दोन अभ्यासकांनी शेकडो गावांची आकडेवारी तपासली, तेव्हा या बदलानंतर नागरिकत्व मिळण्याचं प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. लोक तेच होते, पूर्वग्रहही रातोरात गेले नसतील. कारण मात्र आता लिहावं लागत होतं.

मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग चिठ्ठीवर एक ओळ वाढव की. वर हो-नको, खाली कारण. नाव नको.”

अशी चिठ्ठी तयार झाली. तिच्यावरूनही कमिटीत वाद झाला. कारणाची ओळ कोरी ठेवली तर मत धरायचं का? बाईंचं म्हणणं, धरू नये. अध्यक्ष भाऊंचं म्हणणं, मत देणं हा सभासदाचा हक्क आहे, निबंध लिहिणं हे त्याचं कर्तव्य नाही. मला या मुद्द्यावर भाऊंचं पटलं. शेवटी ठरलं की सगळी मतं धरायची, पण मोजणीआधी सगळी कारणं मोठ्याने वाचायची, आणि ओळ कोरी असेल तर ‘कारण दिलेलं नाही’ असं वाचायचं.

सभेला 30 फ्लॅटांचे प्रतिनिधी आले. मराठी, कोंकणी, मधूनच हिंदी असं बोलणं झालं. आधी एजंटाने दोघांची कागदपत्रं दाखवली, मग चर्चा. कोल्हापूरकडचे एक सभासद, ज्यांनी पोलमध्ये ‘नको’ म्हटलं होतं, बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी इथे आलो तेव्हा मला घाटी म्हणून खोली नाकारली होती. म्हापशात चार घरं फिरलो. ते आज या लोकांसमोर सांगायला मला बरं वाटत नाही, पण सांगतो.” खोली नाकारणाऱ्यांच्या नात्यातलं कुणी त्या सभेत असण्याची शक्यता होती, हे सगळ्यांना कळत होतं. ख्रिस्ती कुटुंबातल्या एका आजींनी आपल्या माहेरची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील युगांडात कारकून होते. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा त्यांचा भाऊ एका बॅगेनिशी बाहेर पडला. “त्यांनी आम्हाला काढलं म्हणून आपण यांना नको म्हणायचं, की त्यांनी काढलं तेव्हा आम्हाला कसं वाटलं ते आठवून हो म्हणायचं, ते तुम्ही ठरवा,” असं त्या म्हणाल्या. त्यांचं मत त्यांनी सांगितलं नाही.

आफ्रिकेशी गोव्याचं नातं जुनं आहे, आणि ते सगळंच अभिमानाचं नाही. पोर्तुगीज काळात मोझांबिकहून गुलाम इथे आणले जात. नंतर गोंयकार नोकऱ्यांसाठी मोझांबिकला, नैरोबीला, दार-एस-सलामला गेले. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी झगडलेले आणि 1965 मध्ये गोळ्या घालून मारले गेलेले पिओ गामा पिंटो गोमंतकीय कुटुंबातलेच. पर्वरीच्या महामार्गावर तेव्हा खाप्रेश्वराचा जुना वड उभा होता. जाणारा-येणारा तिथे राखणदाराला हात जोडून पुढे जाई. खाप्रो हा आफ्रिकेतून आणलेल्या माणसाचाच आत्मा, असं जुनी माणसं मानतात. सभेत हे कुणी काढलं नाही. मला काढावंसं वाटत होतं, पण सचिवाने त्या दिवशी बोलू नये असं मी ठरवलं होतं.

सर्वांत अवघड बोलणं एका तरुण आईचं होतं. “माझी मुलगी संध्याकाळी क्लासहून एकटी येते. जिन्यात दिवा नसतो. मला भीती वाटते, आणि ती वाटते म्हणून तुम्ही मला वाईट ठरवू नका.” कुणीतरी विचारलं, वर्षभर वरच्या फ्लॅटमध्ये पुण्याची चार मुलं राहत होती तेव्हा भीती वाटत नव्हती का? ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “वाटत होती. तेव्हा कुणी विचारलं नाही.” मला ते उत्तर पूर्ण खरं वाटलं. ती भीती भाडेकरूंच्या देशाशी घट्ट बांधली गेली होती, कारण तेवढ्याच गोष्टीवर सोसायटीने तिचं मत विचारलं होतं. जिन्यातल्या दिव्यावर पोल कधी निघालाच नव्हता.

मग चिठ्ठ्या. मी एकेक उघडून वाचल्या. ‘हो’ 17, ‘नको’ 13. ‘नको’ च्या तेरांपैकी सहांवर कारण नव्हतं. उरलेल्या सातांत पोलिसांचं लफडं नको हे दोनदा, रात्रीचा आवाज, पार्किंग (दोघांकडे गाडी नव्हती), भाव उतरतील, जिन्यातला दिवा, आणि एकावर स्वच्छ अक्षरात, ‘मला ते लोक आवडत नाहीत.’ ती चिठ्ठी वाचताना माझा आवाज अडखळला. पण लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आणि ते वाचल्यावर सभेत जी शांतता पसरली तिने बरंच काम केलं असं मला वाटतं. आपली मतं कोणाच्या सोबतीला जाऊन बसली आहेत ते त्या क्षणी सगळ्यांना दिसलं.

27 वरून 13 हा फरक कशामुळे पडला? नेमकं उत्तर देणं कठीण आहे, कारण एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलल्या होत्या. मत गुप्त झालं होतं. ‘आफ्रिकन’ ऐवजी दोन विद्यार्थ्यांची कागदपत्रं समोर होती. 12 फ्लॅट आलेच नव्हते. गुप्ततेने काहींची शेजाऱ्यांबद्दलची भीड गेली, हे खरं. पण नुसत्या गुप्ततेने भागलं असतं तर एमेनमध्ये तसा निकाल लागला नसता.

माणूस प्रत्यक्ष समोर येण्याचं महत्त्व तर जुनंच आहे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड लापिएर हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर देशभर फिरले. अडीचशेच्या आसपास हॉटेलं आणि खाणावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, चिनी पाहुणे घ्याल का, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ कळवलं. आमचा पहिला पोल त्या पत्रासारखाच होता. मात्र एमेनच्या मतदारांकडेही फोटो होते, माहिती होती, आणि तरी त्यांनी मूळ देश पाहूनच मत दिलं. म्हणून माझा कल कारणाच्या ओळीकडे जातो. ‘नको’ लिहिणं सोपं असतं. त्याखाली चार शब्द लिहायला पेन टेकवल्यावर माणूस स्वतःशी बोलतो, आणि तिथे काहींना आपलं कारण सापडत नाही.

निकाल लागेपर्यंत तीन आठवडे गेले होते. टांझानियाच्या विद्यार्थ्याने तोवर ताळगावला दुसरी जागा घेतली होती. सोसायटीने काही कळवलं नाही, एवढंच कारण त्याने एजंटाला सांगितलं. दुसरा विद्यार्थी आपल्या वर्गातल्या एका केरळच्या मुलाला घेऊन राहायला आला. भाडेकरूंसाठी सर्वांना सारखे नियम झाले: पोलीस पडताळणी, गेटवर नोंद, रात्री अकरानंतर आवाज नाही. जिन्यात दिवे लागले. अध्यक्ष भाऊ आणि बाई अजून एकमेकांशी मोजकंच बोलतात. ग्रुपवर भाडेकरू, देश, जात, धर्म यांवर पोल टाकायचा नाही असा ठराव झाला. तो बाईंनी मांडला आणि भाऊंनी अनुमोदन दिलं.

यंदाच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला एक अर्ज आहे: घरकामाला येणाऱ्या बायकांनी आणि डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्टऐवजी जिना वापरावा. अर्जावर अकरा सह्या आहेत, त्यात मुलीची काळजी असलेल्या त्या आईचीही. चिठ्ठ्या मी छापून घेतल्या आहेत, कारणाच्या ओळीसकट.